अकरा ते चारचा ओव्हन

शनिवार, १ फेब्रुवारी

चोवीसच्या चोवीस मफिन चिकटले! एकही अख्खा निघाला नाही. वरची टोपी हातात, बूड ट्रेमध्ये. ताई आधी सुरीनं, मग चमच्यानं, शेवटी बोटांनी खरवडत होती आणि मी शेजारी मख्खासारखी उभी.

चूक माझीच. काल ती डोळे तपासायला गेली होती. मला रिकामं बसवत नाही. तिचे मफिनचे दोन्ही ट्रे काळेकुट्ट, खळग्यांना वर्षानुवर्षांचं तेल बसलेलं. म्हटलं, ती येईपर्यंत चकाचक करून ठेवू. सत्तावीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी घासली, डाग दिसला की हात शिवशिवतात. साबण, गरम पाणी, तारेची घासणी. तासाभरात आरसा! केवढी खूश होते मी.

तो काळेपणा म्हणजे घाण नव्हती. तेल तापून तापून बसलेला थर होता, आणि त्याच्या जोरावर मफिन अलगद सुटायचे. म्हणूनच ताई ट्रेला कधी साबण लावत नाही, गरम असतानाच कागदानं पुसते. गेले चौदा महिने माझ्या डोळ्यांदेखत पुसते आहे. मला वाटायचं — आळस!

"चकचकीत केलेस गं," ताई एवढंच म्हणाली. मग सगळा चुरा वाट्यांमध्ये भरला, वर जॅमचा ठिपका दिला. "जा, देऊन ये. सांग, नवीन प्रकार आहे."

दर शनिवारी वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवतात, तिथला खाऊ आमच्याकडून जातो. ताईचं गोड, माझं खारं. (स्वभाव मात्र नेमके उलटे!) वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, मुलांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या, पुढच्या वेळीही असंच द्या. मी घरी येऊन मोठ्या उत्साहानं सांगितलं. ताईनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मी खाऊ द्यायला निघाले तेव्हा बरी होती. राग सावकाश चढला असणार.

रविवार, २ फेब्रुवारी

ताई बोलत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आमच्या घरात अबोला ओळखायचीच पंचाईत! नवीन वर्षापासून सूनबाईचं ऑफिस घरी आलंय. सूनबाई म्हणजे ताईची सून, माझ्या भाच्याची बायको. तिची खोली स्वयंपाकघराला लागून. दारावर लाल ओढणी अडकवली की मीटिंग. मग मिक्सर बंद, भांडी आपटायची नाहीत, बोलायचं नाही. अंडी हातानं फेटायची. त्यामुळे आमची एक खुणांची भाषाच तयार झाली आहे. दोन बोटं — दोन अंडी. पालथा तळहात — आच कमी कर. गाल फुगवले की 'बेकिंग पावडर घातलीस का?' गाल फुगवलेली ताई बघून मला हसू आवरत नाही, आणि मग तीही तोंडात पदर कोंबते.

आज ओढणी निघाली, सूनबाई जेवायला बाहेर आली, तरी ताईच्या खुणाच चालू. बोटं, तळहात. गाल नाही फुगवले. तेव्हा खात्री पटली.

पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात 'हॅलो हॅलो' करणारी बाई. तिला गप्प बसायला किती कष्ट पडत असतील!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी 'ताई, लोणी संपलं' म्हटलं. ती फ्रिजला म्हणाली, "लोणी आणायला हवं." मग मीही फ्रिजला म्हटलं, "मी आणते." फ्रिज बिचारा घरघरला.

रात्री एकाच खोलीत झोपतो आम्ही. तिचा पलंग, माझी घडीची खाट. मधे हातभर अंतर. पूर्वी दिवा मालवला की दोघींची तोंडं सुरू व्हायची. कोण मेलं, कुणाचं लग्न मोडलं, उद्या मक्याचे खारे मफिन करायचे की मिरीच्या काड्या. आता ती भिंतीकडे तोंड करते.

एका ट्रेसाठी इतकं? पण असेल. तिचं असं खास म्हणावं तर तेवढंच होतं. तेही मी घासून टाकलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

एक गोष्ट इथं लिहून टाकते, कारण दुसरीकडे कुठं बोलायची सोय नाही.

मी खोली शोधते आहे. महिना होत आला. ताईला सांगितलेलं नाही. कॉलेजचं क्वार्टर सुटलं तेव्हा 'चार दिवस ये' म्हणाली होती, त्या चार दिवसांचे चौदा महिने झाले. मी अविवाहित बाई, माझा मुक्काम कुठंही पडू शकतो. पण हे भाच्याचं घर. दोघं भली आहेत, कधी चेहरा वाकडा नाही. पण मला दिसतं ना. बाथरूमपाशी रोज सकाळी रांग, शेवटी सूनबाई ओल्या केसांनीच मीटिंगला बसते. ताईच्या खोलीत माझी खाट उघडली की कपाट उघडत नाही. असून अडचण, नसून खोळंबा, असं म्हणतात. माझ्या नसण्यानं खोळंबायचं काही नाही, अडचण तेवढी आहे.

अकरा ते चार ओव्हन आमचा. चार वाजले की ताई ओटा पुसते, खिडक्या उघडते, टॉवेल हलवून वास बाहेर घालवते. ही अट सूनबाईनं घातलेली नाही. ताईनंच स्वतःला घालून घेतली. मला वाटतं, माझ्यामुळेच ती इतकी जपून वागते. मी गेले की मोकळी होईल.

मी गेल्यावर खारं बंद पडेल. ओव्हन ताईचा आहे, निवृत्त झाली तेव्हा घेतलेला. त्याचं वाईट वाटतं. फार वाटतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण!

ट्रेला पुन्हा थर चढवता येतो, असं भांड्यांच्या दुकानदारानं सांगितलं. तेल चोळायचं, रिकामा ट्रे कडक आचेवर तापवायचा, थंड करायचा, पुन्हा तेल. चार-पाच वेळा. ताई बाजारात गेली ती संधी साधली. पण मी तेल चोळलं नाही, ओतलं. प्रयोगशाळेतली बाई ना मी, कमी पडायला नको! दहा मिनिटांत स्वयंपाकघरात धूर, बाहेरच्या खोलीत धूर, ओढणीच्या दारातून आत धूर. सूनबाई लॅपटॉप कडेवर घेऊन खोकत बाहेर आली. लॅपटॉपमध्ये सात माणसं. सातही जणांनी मला हातात फडकं घेऊन बघितलं. त्यांतला एकजण म्हणाला, "सगळं ठीक आहे ना?" मी त्याला म्हटलं, "हो हो, बसा."

ताई आली तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या आणि ट्रे पिवळट चिकट झाले होते. ना चकचकीत, ना काळे. तिनं बोट फिरवून बघितलं. तोंडाच्या कोपऱ्यात हसू आलंय असं मला वाटलं. लगेच गेलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सूनबाई दुपारी माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्याच मिरीच्या काड्यांची वाटी तिच्या हातात. मीटिंगमध्ये आवाज बंद करून खाते म्हणे! "मावशी, एक बोलू? रागावणार नाही ना?" तिला विचारतानाच रडू येत होतं. ऑफिस आता कायमचं घरूनच राहणार आहे. तर बेकिंग आठवड्यातून दोनच दिवस करता येईल का? "आईंना मी विचारू शकत नाही," म्हणाली. आईंना म्हणजे ताईला. "त्या लगेच हो म्हणतील आणि सगळंच बंद करतील."

किती ओळखते ही पोर सासूला! मी तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हटलं, काळजी करू नकोस, मी बघते काय करायचं ते.

संध्याकाळी एजंटाबरोबर खोली बघून आले. शिवणकामाच्या दुकानावर आहे. एक मोठी खोली, मागं स्वयंपाकाची पट्टी, खिडकीखाली रुंद कट्टा. खाली मशिनं दिवसभर धडधडतात, तिथं मिक्सरला कोण विचारतंय! मी वीत टाकून कट्टा मोजलासुद्धा. ओव्हन आरामात बसेल. मग आठवलं, ओव्हन कुठला आणणार आहेस तू?

एजंट म्हणाला, "काकू, एकट्याच ना? मालकीणबाईंना एका बाईपुरतीच द्यायची आहे."

एकटीच, म्हटलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मफिन कागदी वाट्यांमध्ये भाजले. सुटले छान. पण बाजूनं ती कुरकुरीत कड येत नाही. ताईनं एक फोडला, वास घेतला, खाली ठेवला. वाचनालयाची मुलं विचारत होती, चुऱ्याचे कुठंयत?

सोमवार, १० फेब्रुवारी

एजंटाला हो म्हटलं. गुरुवारी मालकीणबाईंना भेटून पक्कं करायचं.

आता ताईला सांगायचं. बाथरूमच्या आरशासमोर तीनदा बोलून बघितलं. पहिल्यांदा भांडल्यासारखं झालं, दुसऱ्यांदा रडल्यासारखं. तिसऱ्यांदा नीट जमलं, तेवढ्यात भाच्यानं दार वाजवलं, "मावशी, झालं का गं?"

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज फुटलं सगळं.

दारावर ओढणी होती. ताई अंडी फेटत होती, मी मका आणि पालक चिरत होते. कढत दूध ओतायला मी तिच्या हातातलं भांडं धरलं. एवढंच निमित्त.

"कधी जाणार आहेस?" ताई म्हणाली. मोठ्यानं. दहा दिवसांनी पहिलं वाक्य! मी घाबरून ओढणीकडे बोट केलं.

"असू दे ओढणी!"

मग कळलं. त्या चुऱ्याच्या शनिवारी मी वाचनालयात गेले तेव्हा फोन घरी विसरला होता. एजंटाचा फोन आला, तो तिनं घेतला. 'एका बाईसाठी खोली मिळतेय' म्हणाला तो. ट्रेचा राग नव्हताच! "ट्रे गेला खड्ड्यात," ताई म्हणाली. "दोन महिन्यांत पुन्हा काळा होतो तो. तू मला सांगितलं नाहीस. परक्या माणसाकडून कळलं मला. मी रोज वाट बघत होते, आज सांगेल, उद्या सांगेल. तू आपली लोण्याचं सांगतेस फ्रिजला!"

मी म्हटलं, ताई, तुलाच जागा होईल म्हणून. तुझ्या घरात किती दिवस—

"माझ्या घरात?" तिच्या हातातलं फेटणं थांबलं. "चार वाजता टॉवेल हलवून वास कोण घालवतं? मी की तू?"

 ओढणीचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा हळूच मिटलं.

ताईनं भांडं खाली ठेवलं, हात धुतले आणि खोलीत जाऊन पडली. मफिन मी एकटीनंच भाजले. कसे झाले कोण जाणे, चव बघितली नाही. मी फार मोठी चूक केली आहे, आणि ही चूक साबणाची नाही. तिला वाटतंय मी तिला टाकून चालले. आणि खरंच, दुसरं काय करत होते मी?

बुधवार, १२ फेब्रुवारी

ओव्हन लावलाच नाही. अकरा वाजता ताई ठेवणीतली साडी नेसली, पर्स घेतली आणि बाहेर पडली. कुठं, ते फ्रिजलाही सांगितलं नाही. सूनबाईनं दोनदा येऊन विचारलं, आई कुठं गेल्या? चारला परतली. पाय धुतले, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पलंगावर बसून भाजी निवडायला घेतली. मीही शेजारी बसून निवडली. बोललो नाही. पण भिंतीकडे तोंड नव्हतं.

मी ठरवलं आहे. उद्या एजंटाला 'नाही' म्हणून सांगणार. अडचण तर अडचण. राहू इथंच, आठवड्यातल्या दोन दिवसांत जमेल तेवढं भाजू. तिला एकटं सोडून मला तो रुंद कट्टा नको.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मी नाही म्हणायच्या आत एजंटाचाच फोन. "काकू, ती खोली गेली हो. काल दुपारी एक बाई आल्या, टेपनं कट्टा मोजला, मालकीणबाईंशी तासभर बोलल्या आणि पक्की करून गेल्या."  कोण हो, म्हटलं. "अहो, तुमच्याच थोरल्या बहीण! मी सांगितलं, एका बाईपुरतीच आहे. तर मलाच म्हणाल्या, तुम्ही चुकीचं ऐकलंत, आम्ही दोघी आहोत."