कुंपणाकडची बाजू

१२ मे, शनिवार

रायली आजही शेजारच्या आर्वोच्या सौनाला, त्याच्या वाफेच्या न्हाणीला, गेली. टॉवेल, साबण आणि मी संध्याकाळसाठी जपून ठेवलेले वेलदोड्याचे गोड पाव घेऊन. शेजारधर्म म्हणे.

आर्वो विधुर आहे, ठीक. दु:खी माणूस आहे, तेही ठीक. पण दु:खी माणसाचा सौना इतका चांगला कशाला असावा? आधी रायली एकटी आत बसते, मग तो बसतो. माझा आक्षेप त्याला नाही, त्यानंतरच्या कॉफीला आहे. अंगणातल्या बाकावर दोघं बसतात आणि बोलतात. माझी बायको घरात दिवसाला फार तर दहा वाक्यं बोलते. मी माजघराच्या खिडकीतून मोजलं आहे, तिथे ती थांबतच नाही.

आपल्या घरात सौना नाही असं नाही. त्यात गाड्यांचे हिवाळी टायर आहेत. उत्तम कोरडी जागा आहे, टायर खूश आहेत.

निश्चय: घरामागच्या पट्टीत स्वतंत्र सौना बांधायचा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळं गाव सौनात बसतं, तेव्हा रायली स्वत:च्या सौनात बसेल. आर्वोने एकट्याने कॉफी प्यावी.

१३ मे, रविवार

जागा पाहिली. एका बाजूला आपलं घर, दुसऱ्या बाजूला आर्वोचं कुंपण, मागे खडक. आत जायला घर आणि कुंपण यांच्यामधली बोळकंडी, एक माणूस सरळ आणि दोन माणसं तिरकी. रायली म्हणाली इथे मशीन कुठून येणार. मी तिला आठवण करून दिली की मी वीस वर्षं या कयानी गावाला गाडी रिव्हर्स घ्यायला शिकवतो आहे. टाइट जागा हा माझा विषय आहे. ती म्हणाली मशीन येणार आहे का मग. नाही, हाताने खणणार.

२६ मे, शनिवार

खोदाई जोरात. माती काढायची, खडी भरायची, धुमसाने ठोकायची, त्यावर थर्माकोलच्या जाड पाट्या, त्यावर सळई, त्यावर काँक्रीटचा स्लॅब. पाट्या नसल्या तर थंडी जमिनीत शिरते, ओली माती गोठून फुगते आणि अख्खा स्लॅब उचलते. हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मला जास्त माहीत आहे.

आर्वोने कुंपणावरून विचारलं, मदतीला माणसं बोलावू का, शनिवारी सगळे मोकळे असतात. मी म्हटलं नको, आम्ही निभावतो. तो म्हणाला बरं. त्याचं "बरं" मला आवडत नाही. त्यात काहीतरी असतं.

३ जून, रविवार

लहानशी अडचण. काढलेली माती मी बोळकंडीत रचत होतो, कारण दुसरीकडे जागा नव्हती. दुपारी लक्षात आलं की ढिगारा खांद्याएवढा झालाय आणि मी त्याच्या आतल्या बाजूला आहे. जेवायला कुंपण चढून आर्वोच्या अंगणातून यावं लागलं. तो स्ट्रॉबेरीला पाणी घालत होता. काही बोलला नाही. ही त्याची पद्धत आहे, काही न बोलून माणसाला खाली बघायला लावायचं.

रायलीला मी सांगितलं की मुद्दाम वेगळ्या वाटेने आलो, पायांना व्यायाम. ढिगारा उद्या हलवायचा. उद्या म्हणजे या आठवड्यात.

९ जून, शनिवार

पाट्या आल्या, पांढऱ्याशुभ्र. स्लॅबखाली घातल्या. आता त्या स्लॅबच्या बाहेरही चारी बाजूंनी मीटरभर पसरायच्या असतात, मातीखाली, म्हणजे थंडी कडेने आत घुसत नाही. तीन बाजूंना जमलं, खडकाकडे जरा कापून. चौथ्या बाजूला कुंपण वीतभर अंतरावर. पाटी पसरायची तर आर्वोच्या जमिनीत.

रायलीने सुचवलं आर्वोला विचार, तो नाही म्हणणार नाही. तो नाही म्हणणार नाही हेच तर मला नको आहे. मग आयुष्यभर माझा सौना त्याच्या उपकारावर उभा. शिवाय हे दोघं याबद्दल बोललेत, नाहीतर तो नाही म्हणणार नाही हे हिला कसं कळलं?

मी शांतपणे समजावलं की त्या बाजूला दुपारचं ऊन येतं, तिथे पाटीची गरजच नाही. हिवाळ्यात कुठलं ऊन, असं रायलीने विचारलं. मी विषय बदलला.

१६ जून, शनिवार

काँक्रीटचा दिवस. पूर्ण यशस्वी.

ट्रक फाटकापर्यंत आला. पुढचं मी एकचाकी ढकलगाडीने नेणार होतो. पहिली गाडी नेली. दुसरी नेली. तिसरी बोळकंडीत आडवी झाली, कारण ढिगाऱ्याचा थोडा भाग अजून तिथेच होता. ट्रकवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. एवढ्यात आर्वो, त्याचा मेहुणा आणि समोरच्या घरातल्या दोन बायका आपापल्या ढकलगाड्या घेऊन आले. कोणी बोलावलं ते कळलं नाही. रायली सगळ्यांसाठी कॉफीचा मोठा थर्मास घेऊन तयार होती, म्हणजे हे तिला आधीपासून माहीत होतं. मी कोणाला हाकललं नाही.

शेवटी आर्वोने गुडघ्यावर बसून काँक्रीटवर रंधा फिरवला. मीच फिरवणार होतो, पण माझं लक्ष नियोजनाकडे होतं. स्लॅब पाण्यासारखा सपाट झालाय. रायली आर्वोला म्हणाली, किती छान हात आहे तुझा. माझ्यासमोर.

मी लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध. मी हलकेच एक बाजू दाबून पाहिली, तरी मधोमध.

२२ सप्टेंबर, शनिवार

सौनाच्या भिंती उभ्या राहिल्या. तयार भाग जोडायचे होते, दोन उरले, म्हणजे कंपनीने जास्त दिले.

पण आज दुसरंच लिहायचं आहे. या महिन्यापासून शनिवारीही माझे दिवसभर क्लास असतात, घसरड्या रस्त्यांचा सीझन तोंडावर आलाय. संध्याकाळी आलो तर रायली घरात नाही. आर्वोकडून आली साडेसातला. गुडघ्यांना माती. नखांत माती. चेहरा लाल. सौनाने लाल होतो, मान्य, पण सौनात माती कुठून येते? मी काहीच विचारलं नाही. मला माझा मान आहे. फक्त म्हटलं, आज फार वेळ लागला. ती म्हणाली हो, आणि हसली.

२९ सप्टेंबर, शनिवार

पुरावे:

पाव कापायच्या सुरीच्या दात्यांत निळे कण. मी विचारलं काय कापलंस. ती म्हणाली, असंच. चाळीस वर्षांत माझ्या बायकोने असंच काही कापलेलं नाही.

केसांतही एक निळा कण. मी हाताने काढला तर दचकली.

कंबर दुखते म्हणते. कॉफी पिऊन?

आर्वोने कुंपणालगतचा अख्खा स्ट्रॉबेरीचा वाफा उपटून पुन्हा लावलाय, चांगला चालू असताना. बाई आयुष्यात आली की माणूस बागेत बदल करतो. माझ्या मावसभावाने तसंच केलं होतं आणि पुढे काय झालं ते सगळ्या कुटुंबाला माहीत आहे.

निश्चय: सौना लवकरात लवकर पूर्ण. बायको परत मिळवण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

१० नोव्हेंबर, शनिवार

दारावर माझं नाव कोरलं: ओस्मो. आर्वोच्या सौनावर नाव नाही.

जमीन कडक होण्याआधी दारासमोर मातीखाली नुसत्याच पडलेल्या दोन पांढऱ्या पाट्या काढून घेतल्या. तळ्यावर बर्फात भोक पाडून मासे धरताना खाली घ्यायला याहून चांगलं आसन नाही. बाकी पाट्या आहेतच की.

२४ डिसेंबर, सोमवार

नाताळचा सौना. शेगडी तापली, दगडांवर पाणी टाकलं, वाफ आली. रायली माझ्या शेजारी वरच्या फळीवर. बाहेर बर्फ. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, छान आहे रे.

इथेच थांबायला हवं होतं का? पण छान म्हणजे किती, हे कळायला नको? मी विचारलं वाफ आर्वोकडे जास्त मऊ की इथे. ती म्हणाली दोन्ही चांगल्या. मी विचारलं फळी कुठली रुंद. मग विचारलं तिथे तुम्ही एवढं बोलता तरी काय. मग विचारलं सप्टेंबरमध्ये गुडघ्यांना माती कशी होती. ती टॉवेल घेऊन घरात गेली.

मी आणखी थोडा बसलो. वाफ मऊ होती.

२० जानेवारी, रविवार

आर्वोचं अंगण स्वच्छ, म्हणून मीही सौनाभोवतीचं बर्फ रोज जमिनीपर्यंत खरवडतो. दाराची बाजू तर फरशीसारखी. रायली म्हणाली बर्फ राहू दे, जमिनीवरचं पांघरूण असतं ते. ही वाक्यं तिची नाहीत. मी ओळखतो कोणाची आहेत.

९ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी एकटाच सौनात बसलो. रायली आर्वोकडे. निघताना दार उघडेना. ओढलं, ढकललं, लाथ घातली. चौकट तिरकी झाली होती आणि दार तीत घट्ट बसलं होतं. ओरडायचं नाही असं ठरवलं. मग शेगडी विझू लागली तेव्हा थोडं ओरडलो.

आर्वो पहार घेऊन आला. मागे रायली, कपात कॉफी तशीच. मी टॉवेलमध्ये. त्याने लेव्हल ठेवून पाहिली. दाराची बाजू वर उचलली गेली आहे, अंगठ्याएवढी. कुंपणाची बाजू? जागची हललेली नाही.

त्याने विचारलं दाराकडे पाट्या होत्या ना. मी म्हटलं होत्या. खोटं नाही, होत्याच.

१० फेब्रुवारी, रविवार

विचार केला आणि सगळा उलगडा झाला.

जिथे पाट्या घातल्या तिथे स्लॅब उचलला. जिथे घातल्या नाहीत तिथे जागेवर. म्हणजे पाट्या हेच दुखण्याचं मूळ! माती गुदमरते, मग फुगते. आजवर कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण एक बाजू मोकळी सोडायचं धाडस कोणी केलं नव्हतं. आर्वोच्या सौनाखाली तर चारी बाजूंना पाट्या आहेत. बिचारा.

निश्चय: जमीन सुटली की सगळ्यांसमोर कुंपणाची बाजू उघडून दाखवायची. नुसती माती. मग बघू कोणाचा हात छान आहे ते.

१८ मे, शनिवार

रायली आणि आर्वो, दोघांनाही बोलावलं. आर्वोचा मेहुणा आपणहून आला. मी कुंपणापाशी उभा राहून आधी पाच मिनिटं बोललो, मातीच्या श्वासाबद्दल. आर्वो म्हणाला, ओस्मो, नको खणूस. मी म्हटलं आता घाबरतोस. रायलीने पण नको म्हटलं. दोघं एकाच सुरात. मी फावडं मारलं.

पहिल्या फावड्याला माती. दुसऱ्याला माती. तिसऱ्याला फावडं कशाला तरी लागून मऊ अडकलं.

निळी पाटी. माझ्या पाट्या पांढऱ्या आहेत. मी हाताने माती बाजूला केली. स्लॅबच्या कडेला घट्ट चिकटून ती कुंपणाखालून आर्वोच्या स्ट्रॉबेरीखाली गेली होती, बाहेरच्या अंगाला उतार देऊन, जसा द्यायचा असतो तसा. शेजारी दुसरी. कडा दातेरी कापलेल्या, पावाच्या सुरीने कापल्यासारख्या.

आर्वोचा मेहुणा आत कॉफी बघायला गेला. आर्वो बूट बघत राहिला. मी रायलीला विचारलं हे कधी केलं. मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"सप्टेंबरात, तू क्लासला असताना," ती म्हणाली. "मीच त्याच्या मागे लागले. तू काही त्याला विचारणार नव्हतास, आणि मला नाताळचा सौना घरी हवा होता. तुझ्या शेजारी एक संध्याकाळ गप्प बसायचं होतं, ओस्मो. तेवढ्यासाठी दोन शनिवार त्याच्या स्ट्रॉबेरी उपटल्या."

आर्वो म्हणाला, "माती लोट परत. पाटी उघडी नको." मी लोटली. त्याने वरून पायाने दाबली. मी दाबली होती त्यापेक्षा नीट बसली.

दोन पांढऱ्या पाट्यांबद्दल मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आर्वोला माहीत असावं. तो तळ्यावर जातो.

२५ मे, शनिवार

दार आर्वोने तासून दिलं. मी धरून उभा होतो.

सहा वाजता सौना तापवला आणि रायलीला येतेस का विचारलं. ती म्हणाली आज शनिवार आहे, आर्वोकडे कॉफी. मग म्हणाली कॉफीला अजून वेळ आहे, आणि आली.

वरच्या फळीवर बसलो. वाफेबद्दल विचारायचं नाही, फळीबद्दल विचारायचं नाही, असं ठरवून गेलो होतो. ठरवल्याप्रमाणे गप्प बसलो. तिने डोळे मिटले. माझ्या पायाने बादली कलंडली. मोरी दाराकडे आहे, पण ती बाजू अजून पूर्ण खाली बसलेली नाही, त्यामुळे पाणी उलटं निघालं, फळीखालून, भिंतीच्या फटीतून, कुंपणाखालून, सगळं आर्वोच्या स्ट्रॉबेरीत.

यंदा त्याच्या स्ट्रॉबेरीची रोपं फार चांगली आली आहेत.