नंदाचा सहावा आठवडा

मुलुंड, रविवार
२९ नोव्हेंबर १९८७

ती. नलिनीताईस,

अनुपमाचा नमस्कार. गुडघा धरलाय, तेव्हा तो उभ्याउभ्याच मानून घे. तुझी कंबर आणि भावजींचा खोकला कसा आहे? (खरं लिही. मागच्या पत्रात नुसतंच ‘बरं आहे’ होतं.)

इकडे आलेखवहीने माझी वाट लावली. आमच्या विशेष वर्गातल्या प्रत्येक मुलाचा आलेख ठेवायची टूम गेल्या वर्षी मीच काढली. वाचन, बेरीज, न रडता बसणं (हा रकाना मोठ्या बाईंनाही लागू पडला असता), रोज एकेक ठिपका. सलग सहा आठवडे रेघ लाल पट्टीच्या वर राहिली, की मूल शेजारच्या साध्या वर्गात. आधी कोणी घेईचना. मी वह्या घेऊन दारात उभी राहायचे. शेवटी शेजारच्या वर्गाच्या वनमालाबाई कंटाळून म्हणाल्या, द्या बाई एक. वर्षभरात अकरा गेली. मला सत्काराचा नारळ मिळाला आणि वर्ग रिकामा झाला.

उरली एकटी नंदा. वय नऊ, बोलणं मोजकं. डब्यातली अर्धी भाकरी मला देते आणि मी संपवीपर्यंत बघत बसते. ताई, घरी कुलूप काढल्यावर माझ्याशी बोलायला कोणी नसतं. सवयीने मी माझाही आलेख मांडला: शाळा सुटल्यावर किती माणसांशी बोलले. रेघ जमिनीवरून उठेना, म्हणून परवा दूधवाल्याशी भांडून एक ठिपका मिळवला.

तर नंदाची रेघ पाच आठवडे चढते आणि सहाव्यात हटकून पडते. दोनदा झालं. तिची आई रतन साकीनाक्याला एका कारखान्यात पॅकिंग करते. काल येऊन म्हणाली, “बाई, हिला जमणारच नसेल तर गावी ठेवते ना, उगाच कशाला?” मी तिच्याकडून सोमवारपर्यंतची मुदत घेतली. बाकी सगळं ठीक. भावजींना नमस्कार.

तुझी,
अनुपमा

ता. क. सगळं ठीक नाही. नंदा पडत नाही. सहाव्या आठवड्याचे ठिपके मीच खोडरबराने खाली आणत होते. तेवढी एकच उरली होती गं.

आणखी एक ता. क. खरे ठिपके मला पाठ होते. आत्ताच शाईने भरले. उद्या तिला वनमालाबाईंच्या वर्गात बसवते आणि रतनलाही माझं पाप सांगते. तू पंधरा दिवस येशील का? कंबर दुखत असली तरी ये.