तिसरी ओळ

३ फेब्रुवारी, सोमवार

आजही गीत झालं नाही!

हिला हॉस्पिटलातून आणून आठवडा झाला. स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक ठेवलंय, श्वास आता तिथूनच. वर जाळीचं फडकं. मला सारखी धास्ती — माशी आत गेली तर? अंघोळीचं पाणी गेलं तर? मुलगी म्हणाली, "बाबा, असे टक लावून बसलात तर आई श्वास घ्यायलाच लाजेल." ती हसली. मला हसू आलं नाही.

लग्न झाल्यापासून नेम एकच — दिवेलागणीला एक गीत, मग प्रार्थना, मग जेवण. गीतही ठरलेलं, दिवस सरल्याचं. उचलायची ही. मी दुसऱ्या ओळीला मिळायचो. घरात पहिली ओळ मी कधी म्हटलीच नाही.

आज गीतांचं पुस्तक हिच्या पुढ्यात ठेवलं. हिनं ते मिटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

देवावर रुसली असेल का? माझ्यावर रुसली तर एक वेळ चालेल.

४ फेब्रुवारी

गॅस बंद आहे का ते परत परत उठून पाहिलं. बंदच होता.

६ फेब्रुवारी

चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. म्हणाले, "आता तुम्ही उचला की गीत! घरातले मोठे तुम्ही."

त्यांना सांगायला काय जातं! ते नवे आहेत. जुनी मंडळी अजून मला शिट्टी म्हणते. एका रविवारी पेटीवाला आजारी पडला आणि गीत मी उचललं. या गीताची तिसरी ओळ शिडीसारखी वर चढते. मी सुरुवातच एवढी वरून केली की तिसऱ्या ओळीला सगळं देऊळ गप्प! एक तान्हं मूल तेवढं माझ्या पट्टीत रडत होतं.

घरी येताना ही म्हणाली होती, "अहो, चाकाचा स्पोक सैल की ताठ ते नखानं वाजवून सांगता. मग देवाच्या गीतालाच कान कुठे जातो?" जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. मला तरी काय माहीत कुठे जातो!

९ फेब्रुवारी, रविवार

धीर करून उचललं. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. पलंगाच्या लोखंडी दांड्यावर ठण्‌कन आवाज झाला — हिच्या बोटातली अंगठी! मला वाटलं, श्वास अडकला. ओरडलो. मुलगी साबणाच्या हातांनी धावत आली. हिनं खुणेनं पाटी मागितली आणि लिहिलं —

"श्वास ठीक आहे. पट्टी चुकली. खाली घ्या."

ऑपरेशननंतर गीताबद्दलचा हिचा हा पहिला शब्द.

१० फेब्रुवारी

खाली घेतलं. दुसऱ्या ओळीलाच पोटात गेलं. ठण्! पाटीवर — "विहिरीतून गाताय का?" मुलगी खो-खो हसली. हिचे खांदे हलत होते. हसत होती, पण आवाज नाही. मी उगाच पाणी आणायला आत गेलो. बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

१३ फेब्रुवारी

झालं! चारही कडवी झाली!

माळ्यावरून जुनं पुढचं चाक काढलं आणि पलंगाशी घेऊन बसलो. एक स्पोक चावीनं पिळायचा, नखानं वाजवायचा, हिच्याकडे पाहायचं. ठण्. अजून पिळायचा. ठण्. जरा सैल. ठण्. मग ठोका आला नाही. हिचे डोळे मिटलेले, हात चादरीवर पसरलेला.

त्या सुरावर उचललं. तिसरी ओळ सुरळीत वर गेली. हिचे ओठ हलत होते. स्पोकला लाल दोरा बांधून ठेवलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

चाक आता पलंगाशेजारी खिळ्याला टांगलंय. शेजारीण म्हणाली, "आजोबा, ही सायकल पळणार कधी?"

देवळात तरुण मुलं गिटारवर नवी गाणी म्हणतात. चांगली असतात, मुलीला फार आवडतात. पण पडद्यावर शब्द दिसले तरच मला येतात. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो तेव्हा प्रार्थनासुद्धा सुचेना. हे जुनं गीत मात्र न बोलावता आलं. वडिलांच्या तोंडचं, आईच्या तोंडचं, मग हिच्या. मला शाळा फारशी नाही. त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ आजही नीट सांगता येणार नाही. पण घाबरलो की तोंडात तेच येतं.

२१ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. छातीत पसरलंय. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं. मुलगी म्हणाली, "आईला इतक्यात नको सांगायला." मी जोरजोरात मान डोलावली.

घरी आल्यावर हिनं पाटी घेतली. "तुमची तोंडं बघून कळलं. गीत लवकर घ्या. दमते मी."

२४ फेब्रुवारी

आज पाटीवर लिहिलं — "माझ्या वेळी गीत तुम्हीच उचला. पण चाक देवळात आणू नका. शिट्टीवर हसले तेवढं पुरे."

तुझ्या वेळी म्हणजे काय! रागावलो. पाटी पुसून टाकली. हिनं परत लिहिलं — "उद्यापासून चाकाशिवाय."

२५ फेब्रुवारी

चाकाशिवाय. ठण्.

२७ फेब्रुवारी

ठण्. मग थोड्या वेळानं परत ठण्. मुलगी म्हणते, "बाबा, आधी घाबरायचं थांबा, मग गा." ते जमलं असतं तर काय हवं होतं! पट्टी कानात असते, तोंड उघडलं की पळते. देवळात सगळ्यांसमोर काय होणार माझं? आणि हा विचार मी आत्तापासून करतोय! ही माझ्यासमोर पडलीय, माझ्याकडे बघतेय, आणि मी तो दिवस डोळ्यांपुढे आणून घाबरतोय.

हिच्या बोटातली अंगठी सैल झालीय. आता मुठीत धरून वाजवते.

१ मार्च, शनिवार

उचललं. शेवटपर्यंत गेलो. ठोका आला नाही! आनंदानं पाहिलं तर हात दांड्यावरून खाली लोंबत होता. डोळे अर्धे मिटलेले. श्वास चालू होता — कान लावून ऐकला.

बरोबर झालं होतं, की हात उचलायचं बळ नव्हतं? विचारणार होतो. पाटीसुद्धा धरवेना हिला.

५ मार्च

देवळात गीत मीच उचललं. चाक घरीच होतं. तिसऱ्या ओळीला सगळे बरोबर होते, अगदी मागच्या बाकापर्यंत.

शवपेटीशेजारी उभा होतो. पहिल्या ओळीनंतर सवयीनं जरा थांबलो.

ठोका आला नाही.