अबोलपणाचा दाखला

कोन, ता. ४ फेब्रुवारी २०२५

चि. उन्नतीस,
कमळाआत्याचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू नुसतं हं-हं करतेस, म्हणून हे पत्र. कागदावर तरी तुला वाचा फुटते.

तुमच्या शेजारच्या मनालीच्या हळदीत काय केलंस गं बाई? अख्खी भिवंडी डीजेपुढे नाचत होती आणि तू म्हणे आतल्या खोलीत जाऊन बसलीस! तुला ज्याचं स्थळ आलंय त्या सागरची आई, सीताबाई, तिथंच होती. आता ती पडघ्यात विचारत फिरतेय, पोरीला काही आजार तर न्हाय? मी असते तर तिथल्या तिथं तिचं तोंड बंद केलं असतं, पण नेमके त्या दिवशी माझे गुडघे धरले होते.

तुझ्या बापाला मी बजावलंय, पोरीला डॉक्टरकडे ने. गोळी-बिळी देतील, आठ दिवसांत पोपटासारखी बोलशील. तुझी आई गेल्यापासून तुझी काळजी मलाच हाय.

लोभ हायच, पण तो वाढवायला तोंड उघडावं लागतं, हे ध्यानात ठेव.
तुझी,
कमळाआत्या

भिवंडी, ता. १३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
उन्नतीचा शिरसाष्टांग नमस्कार. हळदीत मी तासभर नाचले, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मग कानठळ्या बसल्या, म्हणून आत जाऊन पानसुपारीची ताटं लावत बसले. मला मजा आली.

पण सागर मला मनापासून आवडलाय, म्हणून मुकाट्याने डॉक्टरकडे गेले. बाबा आणि प्रितेशदादा बरोबर होतेच. डॉक्टर प्रश्न मला विचारायचे आणि उत्तरं हे दोघे द्यायचे. मला झोप कशी लागते, तेही दादानेच सांगितलं. शेवटी डॉक्टरांनी दोघांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, माणसांत जावंसं वाटतं, पण भीतीने पाऊल उचलत नाही, असं होतं का? मी म्हटलं, वाटलं तर जाते, नाही वाटलं तर घरी बसते. ते हसले. म्हणाले, हा स्वभाव आहे, आजार नव्हे.

इतक्या लांब येऊन साधी गोळीसुद्धा नाही, हे बाबांना पटेना. मग लेखी द्या म्हणून अडून बसले. डॉक्टरांनी वैतागून लिहून दिलं की मुलगी स्वभावाने अबोल आहे, तिला कोणताही मानसिक आजार नाही. बाबांनी त्या कागदाचं लॅमिनेशन केलं आणि दादाने त्याचा फोटो माझ्या बायोडेटाखाली जोडून सागरच्या घरी पाठवलासुद्धा.

माया अशीच असू दे, औषध मात्र सुचवू नकोस.
तुझी,
उन्नती

कोन, ता. १९ फेब्रुवारी

चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद.
तुझ्या बापानं, महादूनं, डोकं कुठं गहाण ठेवलंय? चांगल्या पोरीच्या चांगुलपणाचा दाखला कोणी वाटत फिरतं का? आता पडघ्यात बोभाटा झालाय, की ज्या अर्थी कागद काढला त्या अर्थी काहीतरी हायच. सीताबाईचा निरोप आलाय, रविवारपर्यंत कोणी येऊन समोर खुलासा केला तर ठीक, न्हायतर दुसरी मुलगी बघू.

सीताबाई माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी समोर बसले तर एका शब्दात मिटेल. काल निघालेही होते. साडी नेसले, पिशवी घेतली, दारात रिक्षा आली. मग छातीत धडधडायला लागलं, तळहात घामानं भिजले. रिक्षा परत धाडली. ऊन फार होतं गं. उद्या नक्की जाते, तू घोर लावून घेऊ नको.

तुझी,
कमळाआत्या

भिवंडी, ता. २४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. नमस्कार.
तू गेली नाहीस, म्हणून काल मीच पडघ्याला गेले, एकटी. सीताबाई दोन तास बोलल्या. गोडाऊन, जावा, त्यांचं पित्त, सगळं झालं. मी तीनदा पुढे काय झालं म्हणून विचारलं आणि दोनदा चहा प्यायले. निघताना त्या शेजारणीला सांगत होत्या, पोर किती छान बोलते! पाडव्याला साखरपुडा ठरलाय.

आत्या, आता रागावू नकोस. डॉक्टरांनी तो भीतीने पाऊल न उचलण्याचा प्रश्न मला विचारला होता, पण तुझं पत्र वाचल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही. आतोबा गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तू आमच्याकडे एकदाही आली नाहीस. दिवाळीला पाहुणे होते, हळदीला गुडघे, परवा फेब्रुवारीतलं ऊन. फोनवर तासतासभर बोलतेस, म्हणून कोणाला शंका आली नाही. तुला यायचं असतं, हे मला ठाऊक आहे.

ते डॉक्टर गुरुवारी असतात. माझ्याबरोबर येशील? तुझ्याशिवाय मी साखरपुड्याला उभी राहणार नाही.

तुझीच,
उन्नती

कोन, ता. १ मार्च

चि. उन्नतीस आशीर्वाद.
पत्र वाचून आधी तुझा राग आला. म्हटलं, लहान तोंडी मोठा घास. मग रडले. चारदा उत्तर लिहायला बसले, दरवेळी काहीतरी खोटंच लिहिलं जायचं, फाडून टाकलं.

यावंसं वाटतं गं. उंबऱ्यापाशी पाय थिजतात. कोणाला सांगितलं न्हाय.

गुरुवारी ये. महादूला आणू नको, प्रितेशला तर न्हायच. एकटी ये. रिक्षात माझा हात धरून बस आणि रस्ताभर काही बोलू नको.

आत्या