घोड्याचं तोंड घराकडे

२ डिसेंबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाला शिस्त हवी.
बायको हिसाए अजून साकाताला, बहिणीकडे. मुळे खारवायला म्हणून गेली ती नोव्हेंबरात. दोन बायका आणि एक पिंप, याला इतका वेळ? फोनवर विचारलं, तर म्हणाली, यंदा मुळे जाड आहेत. असतील.
समाजमंदिरातल्या पंच नीडलच्या क्लासमधली तिची जागा रिकामी राहू नये म्हणून मीच जाऊन बसलो. शिकवणाऱ्या नागाओका बाई जरा चपापल्या. मग म्हणाल्या, या की कुसाकारीसाहेब, काही अवघड नाही, पोकळ सुईत लोकर ओवायची आणि कापडात भोसकत सुटायचं, रागीट माणसांना तर फार मानवतं. बाकीच्या बायका मान खाली घालून हसत होत्या. मी रागीट नाही. पाण्याच्या मीटरच्या कारखान्यात जन्मभर तपासणी विभाग सांभाळला. आवाज कधी चढवला नाही. चूक दाखवायचो, एवढंच.
संकल्प: नाताळासाठी हिरवं गोल तोरण, सरावापुरतं. मग नववर्षासाठी घोडा, कारण बारा प्राण्यांच्या चक्रात येतं वर्ष घोड्याचं. दाराजवळ लावायचा, तोंड घराकडे. हिसाए नववर्षाला येईल, घोडा बघेल आणि समजेल. मला काही बोलावं लागणार नाही.
येईल असं तिने म्हटलेलं नाही. पण नववर्षाला बायको दुसरीकडे असते का कुठे?

५ डिसेंबर
घरात पांढरी लोकर नाही. हिसाएची उरल्यासुरल्या लोकरीची एक पिशवी होती, ती मी ऑक्टोबरात कचऱ्याच्या गाडीला दिली. ती बाहेर गेली होती तेव्हा. तिला उगाच त्रास नको. वीतवीतभर तुकडे नुसते, त्यात आमच्या लेकीच्या, कानाएच्या, लहानपणीच्या स्वेटरची उसवलेली लोकर. असला माल ठेवून करायचं काय? कपाट किती मोकळं झालं! हिसाए आल्यावर बराच वेळ कपाटापुढे उभी होती. पसंत पडलं असावं.
त्याच आठवड्यात मुळ्यांसाठी साकाताला जायचं निघालं.
पांढरी लोकर विकत आणली. महाग आहे.

९ डिसेंबर, मंगळवार
तोरण पूर्ण. सुई कापडावरून उचलायची नाही, घासत पुढे न्यायची, असं बाई म्हणतात. माझी उचलली जाते. लूप कुठे लांब, कुठे आखूड. क्लासमधल्या ओयामा वहिनींनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, भांडी घासायला का? मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, मग मलाही एक करून द्या.
सराव चांगला झाला, हे महत्त्वाचं.

१६ डिसेंबर, मंगळवार
घोडा कापडावर काढला. दाराच्या उजवीकडे खिळा आहे, म्हणजे घोड्याचं तोंड डावीकडे हवं, थेट दाराकडे. तसंच काढलं. सुबक.
बाई मोठ्याने काहीतरी सांगत होत्या, की आपण टोचतो ती मागची बाजू, लूप पलीकडे येतात, तेव्हा चित्र उलटं काढा. त्यांचा रोख ओयामा वहिनींकडे असावा. मी त्या वेळी लोकरीचे गुंडे रंगाप्रमाणे लावत होतो. कोणी लावतच नाही तिथे. बायकांनी आभार मानले नाहीत.

२० डिसेंबर
अपघात. घोड्याच्या पायाशी लोकरीचं एक टोक वर आलेलं दिसलं. बरं दिसत नाही म्हणून ओढलं. ते येत गेलं. मी ओढत गेलो. पाय संपला, पोट निम्मं गेलं. पंच नीडलला गाठच नसते! हे आधी सांगायला नको? बाईंना फोन केला. म्हणाल्या, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आता कशालाही हात लावू नका.
संध्याकाळी कानाएचा सेंदाईहून फोन. तिला पाय कसा गेला ते सांगत होतो. मध्येच म्हणाली, बाबा, आईला तुम्ही एकदा तरी म्हणालात का, ये म्हणून? मी म्हणालो, त्यात म्हणायचं काय, नववर्ष आहे. तिने फोन ठेवला. हल्ली सेंदाईची लाइन बरोबर नसते.

२५ डिसेंबर
नाताळ. केक दरवर्षीप्रमाणे दोघांचा सांगून ठेवला होता, मीच. चौथा भाग खाल्ला. पाय पुन्हा टोचून झाला. हा जरा जाड आलाय, यंदाच्या मुळ्यांसारखा.

२६ डिसेंबर
नाश्त्याला केक. मग हिम्मत करून साकाताला फोन. ये असं म्हणायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात म्हणालो, नळ गोठलेले नाहीत. ती म्हणाली, जेवता ना? मी म्हणालो, केक. ती म्हणाली, एकतीसला दुपारी येते.
येते! स्वतःहून! लगेच कानाएला कळवलं. ती म्हणाली, बाबा, फार काही धरून चालू नका. पोरीला अनुभव कमी.

२७ डिसेंबर
घोडा पूर्ण. लूप सुटू नयेत म्हणून मागून गोंदाचा हलका हात द्यायचा असतो. परवाच्या पायानंतर मी धोका पत्करणार नाही. अख्खी बाटली ओतली. कागदावर पालथा घालून ठेवलाय. उद्या लावणार. उद्याची तारीख शुभ, आठाचा आकडा.

२८ डिसेंबर
वाळला नाही. गोंद टिपायला वर आजचं वर्तमानपत्र दाबलं.

२९ डिसेंबर
वाळला. पण एकोणतिसाला कोणी सजावट लावत नाही, दुःख घरात येतं म्हणतात. एकतीसला लावली तर ती एका रात्रीची, देवाचा अपमान. म्हणजे उरला उद्याचा दिवस. दिवसभर घोड्याची पाठ बघत बसलो. बाहेर बर्फ. खरं सांगायचं तर आज वाईट वाटलं. कारण काही नाही.

३० डिसेंबर
घोडा उलटा केला, खिळ्याशी धरला.
तोंड रस्त्याकडे!
मागची बाजू पुढे करून चालतं, पुष्कळजण तशीच लावतात, असं बाई फोनवर म्हणाल्या. पण मागे गोंदाचा पत्रा झालाय आणि त्याला रविवारचं वर्तमानपत्र चिकटलंय. बाई म्हणाल्या, मग दाराच्या डावीकडे लावा. डावीकडे मीटर आहे. मीटर झाकायचा नाही, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो.
उजवीकडेच लावला. घर सोडून चालल्यासारखा दिसतो खरा. नंतर नीट विचार केला. तो हिसाएला आणायला स्टेशनकडे निघालाय. हे जास्तच चांगलं झालं.
जिना पुसला. तिचा कप धुतला.

३१ डिसेंबर
आली. दोनच्या गाडीने. हातात एकच छोटी पिशवी. सामान मागून येणार असेल.
दारात थांबली. घोड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, सुई उचलत होतात ना. मी म्हणालो, थोडी. म्हणाली, कान चांगले जमलेत. मी खूश. ते कान नव्हते, आयाळ होती, पण असो.
पिशवीतून मुळ्यांचं लोणचं निघालं. माझे सदरे घड्या करून कपाटात ठेवले. फ्रीजमधला केक टाकून दिला. मी मागे मागे फिरत होतो. कपाटाच्या मोकळ्या खणासमोर आलो तेव्हा म्हणालो, इथे तू लोकर ठेवू शकतेस, हवी तितकी. ती म्हणाली, बरं.
ये म्हणायचं होतं. ती तर आलेलीच होती. मग राहा म्हणायला हवं होतं. ते असं एकदम कसं म्हणणार?
वर्षअखेरीचे सोबा नूडल्स तिनेच केले, वर कोळंबीची भजी. आमच्या घरच्यासारखे सोबा कुठेच मिळत नाहीत. वाडगा माझ्यापुढे ठेवला. एकच. मी विचारलं, तुझा? म्हणाली, नको, अंधार पडायच्या आत निघते, मी घरी जाऊन खाईन.
घरी, म्हणाली. साकाताला. अगदी सहज म्हणाली, तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.
चूक दाखवायला मी तोंड उघडलं. आणि विचारलं, रस्त्यात बर्फ फार आहे का?
आहे, म्हणाली. तुम्ही खा, गार होतील.