भरल्या पोटचे जंतू

४ मार्च
टण्ण! जाग आली ती खुरपं दगडावर आपटल्याच्या आवाजाने. आवाज आजचा नव्हे, स्वप्नातला, माझ्या लहानपणचा. शाळेमागची बाग, चिखलात रुतलेले गुडघे, वर्गाच्या खिडकीतून येणारी कवितेची चाल... पुढे कारखान्यात लागल्यावर त्याच बागेतली चिमूटभर माती प्रयोगशाळेत नेली. तीत हा जंतू सापडला. पिष्ट पचवणारा रस सोडतो. कापडाची खळ काढायला तो रस विकतात. अख्खा कारखाना त्याच्या जिवावर उभा राहिला!

लेक आता तिथेच काम करते. तिचा विसरलेला डबा द्यायला गेलो, तर जंतू वाढवायच्या टाकीचं झाकण उघडं. शी! बुळबुळीत, तार सुटलेलं, आंबूस. तुंबलेली मोरी परवडली.

५ मार्च
पुन्हा गेलो. राहवलं नाही. तिथला साहेब माझ्याच हाताखाली शिकलेला. रस कमी पडतो म्हणून टाकीत साखरेचा पाक ओततो! मी मनात त्याला पाकशास्त्रीच म्हणतो. "सर, वाढ तर बघा, कशी दाट!"

ढेरी वाढली म्हणजे काम वाढतं होय? आयतं गोड मिळाल्यावर पिष्ट पचवायचा रस गाळतील कशाला मेले? साखर बंद कर, नुसत्या कोंड्यावर ठेव, म्हटलं. हसला. "जंतूच म्हातारा झालाय, सर. पुढच्या शुक्रवारी सगळं उकळून टाकतो. नवा मागवलाय."

म्हातारा म्हणताना माझ्याकडे कशाला बघायचं?

६ मार्च
लेकही त्याचीच री ओढते! "बाबा, साहेबांसमोर शोभा करू नका. प्रयोगशाळा म्हणजे कवितेचा तास नाही."

किळस आली. त्याची, तिची, माझीही. "पगारासाठी शेपूट हलवतेस!" म्हणालो. तिने भरलं ताट सारलं.

७ मार्च
अबोला.

११ मार्च
ती रोज उशिरा येते. अंगाला कसलासा ओला, शिजल्यासारखा वास. कुठल्या घाणीत हात घालते कुणास ठाऊक! नाक दाबून उठलो. तिने पाहिलं.

१५ मार्च, दुपार
शुक्रवार. आत्ता उकळत असतील. ती बाग कधीच गेली, तिथे गाड्या लावतात. म्हणजे हा जंतू गेला की संपलाच.

लेक कालपासून घरी. डोकं दुखतंय म्हणे. दार लावून पडलीय. साहेबाचा पराक्रम बघायला कशी गेली नाही? विचारलं नाही.

१५ मार्च, संध्याकाळ
बेल वाजली. दारात पाकशास्त्री! घामाघूम, हातात रुमालात धरलेली काचेची बशी. पिष्टाचा थर आयोडीनने काळानिळा झालेला, आणि मधोमध हे एवढं मोठं स्वच्छ वर्तुळ! तेवढं पिष्ट फस्त. इतकं मोठं माझ्या उमेदीतही निघालं नव्हतं.

"उकळायच्या आधी कपाट रिकामं करत होतो, सर. तिथे ही बशी सापडली. तुमच्या लेकीने साखर बंद करून जंतूंचा एक चंबू कोंड्यावर ठेवला होता, हा त्यातलाच रस. मला न विचारता. परवा पकडलं आणि... रागाच्या भरात काढून टाकलं हो तिला!" मान खाली. "टाक्या उकळणं थांबवलंय. तिला परत पाठवाल?"

शिजलेला कोंडा. तो वास कोंड्याचा होता!

बशी माझ्या हातात. तिच्या दारापाशी आलो. ती लहान असताना मारायचो तशी हाक मारली —

कडी वाजली.