तांबडा गंज

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गच्चीवरचा एखादा मोबाइल टॉवर दिसला की तुमचा आवाज आठवतो, आणि मी मान फिरवते.

नवरा गेल्यावर मी हायवेजवळच्या त्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागले. टॉवर तेव्हा जिथे तिथे उभे राहत होते आणि त्यांना लागणारा बारीकसारीक माल आमच्याकडून जायचा. केबल, केबल जोडायचे कनेक्टर, एका वाटेच्या दोन वाटा करणारे स्प्लिटर. खोक्यातले माहितीचे कागद मी जेवणाच्या सुट्टीत वाचत बसते हे तुम्ही, तिथले तपासणीचे प्रमुख, पाहिलंत आणि मला तपासणीच्या टेबलावर घेतलंत. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांत चकचकीत कनेक्टर पुढे केला. "बाई, ह्याला काय लग्नात मिरवायचंय?" तुम्ही म्हणालात. सगळे हसले, मीही हसले. मग तुम्ही नीट सांगितलंत. या वस्तूंना स्वतःची वीज लागत नाही, म्हणून बिघडल्या तरी कुठला दिवा विझत नाही; सिग्नल आतल्या आत मरतो. म्हणून निवडतानाच विचारायचं, कुठल्या फ्रिक्वेन्सीला चालेल, किती पॉवर सोसेल, छपराखाली बसणार की पावसात. पावसातला पितळेचाच हवा, आत रबराची रिंग हवी. लोखंडावर मुलामा चढवलाय अशी शंका आली तर चुंबक लावायचा.

पुढच्या पावसाळ्यात खारबावच्या टॉवरवर पावसाची सर आली की चालू फोन मधेच तुटायला लागले. वर चढणारा फिटर खराब सांधा कापून घेऊन आला. तो आधी निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर होता. गोडाऊनचा मालक असलेल्या शेठच्या टेबलावर त्यानं वरची प्लास्टिकची टेप सोलली, तर खाली सुताचे वेढे, पाण्यानं टम्म फुगलेले. "रबर टेप मिली नहीं, शेठ. लूमपे तो हम ऐसेच बांधते थे." शेठ ओरडला, "टॉवर हाय का तुझी लूम? सब पानी तेरे सूत ने पिया!" सूत पाणी ओढतं हे खरंच होतं. पण सुताखालचा कनेक्टर तांबडा झाला होता. मी म्हणाले, "सर, पितळेला असा तांबडा गंज येतो का?" फिटर तुमच्याकडे बघतोय, मी बघतेय. तो मुलाम्याचा माल तुम्ही नको म्हणाला होतात, स्वस्त म्हणून शेठनं उचलला होता. तुम्ही एवढंच म्हणायला हवं होतं, की चूक फिटरची आणि शेठची, दोघांची आहे. आणि तुम्ही म्हणता, "बाई, जरा चहा सांगून या."

मी परत आले तोवर फिटरला कामावरून काढलं होतं. तुम्ही चहा बशीत ओतून, फुंकर मारून, चवीनं प्यालात. संध्याकाळी गेटपाशी मला म्हणालात, "माझी नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत. समजून घ्या." समजलं, सर. समजलं म्हणूनच किळस आली. शेठकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. त्याच मालाच्या उरलेल्या खोक्यांवर तपासल्याची सही करायला मी नाही म्हटलं, तर ती तुम्ही केलीत, तुमच्या नेहमीच्या वळणदार अक्षरात.

आठवड्यानं तुम्ही मला या कामावरचं एक जाड पुस्तक दिलंत. तोंड बंद करायला दिलंत, की खरंच मी शिकावं म्हणून, मला आजही कळलेलं नाही. मी ते डिक्शनरी घेऊन वाचलं. त्यात वाटेच्या शेवटी लावायच्या एका टोपणाबद्दल होतं. येईल तो सिग्नल ते गिळतं, परत काही पाठवत नाही; मला बशीतला चहा पिणारे तुम्ही आठवलात. मी पुस्तक मिटलं आणि तोंड धुऊन आले.

तुमच्या शोकसभेत सगळे तुमच्या सचोटीबद्दल बोलले. मी मागे उभी होते, दातांवर दात घट्ट दाबून. घरी येऊन मात्र रडले, नवऱ्यासाठी रडले होते तितकीच. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पाठवायचं असतं, तर हे रडण्याचं मी लिहिलं नसतं.